स्टोरेज फेलओव्हर झाला आणि व्हीएम आडव्या पडल्या: डिस्क टाइमआउट शोधायचा कसा

रात्री स्टोरेजचा एक कंट्रोलर बंद पडतो आणि दुसरा त्याचा भार उचलतो. स्टोरेज टीमच्या कन्सोलवर सगळं हिरवं असतं. फेलओव्हर अर्ध्या-पाऊण मिनिटात व्यवस्थित झाला, असा त्यांचा मेल येतो आणि त्यात खोटं काहीच नसतं. सकाळी मात्र लिनक्सच्या बऱ्याच व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, रीड-ओन्ली (फक्त वाचता येणाऱ्या) होऊन बसलेल्या असतात, एखाद्या विंडोज सर्व्हरवर निळा स्क्रीन असतो, आणि रात्री नेमकं केलंत काय, म्हणून डेटाबेसवाले फोन करत असतात. हे तिकीट फिरत फिरत व्हर्च्युअलायझेशन टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या टेबलावर येतं.

हा लेख त्या माणसासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः व्हीएमवेअर ईएसएक्सआय आणि लिनक्स-केव्हीएमची आहेत, गेस्ट, म्हणजे व्हीएमच्या आतली ओएस, म्हणून लिनक्स आणि विंडोज दोन्ही. होस्ट म्हणजे त्या व्हीएम चालवणारं खरं मशीन. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत करायची.

आधी थोडं मूळ समजून घ्या

व्हीएममधल्या ॲप्लिकेशनने एक ब्लॉक लिहायला सांगितला की तो गेस्टची फाइलसिस्टीम, गेस्टचा स्कझी थर (डिस्कशी बोलणारा), हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), मल्टिपाथ (स्टोरेजकडे जाणारे अनेक रस्ते सांभाळणारा थर), फायबर किंवा नेटवर्क आणि शेवटी स्टोरेजचा कंट्रोलर अशा वाटेने जातो. यातल्या जवळजवळ प्रत्येक थराकडे स्वतःचं घड्याळ असतं: उत्तर इतक्या सेकंदांत आलं नाही तर मी काहीतरी करीन. फेलओव्हरच्या काळात खालून उत्तर येत नाही. जोडीदार कंट्रोलरला आधी खात्री करावी लागते की समोरचा खरंच गेला. मग त्याच्या एनव्हीरॅममधल्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या), डिस्कवर न उतरलेल्या नोंदी पुन्हा चालवायच्या, व्हॉल्यूम ताब्यात घ्यायचे, आयपी किंवा लन (स्टोरेजने होस्टला डिस्क म्हणून दिलेली जागा) स्वतःकडे वळवायचे, आणि होस्टना नवा रस्ता कळू द्यायचा. एवढं होईपर्यंत वरचा प्रत्येक थर घड्याळाकडे बघत थांबलेला असतो. तुमचं काम एकच आहे: सगळ्यात आधी कोणाचा धीर सुटला ते शोधणं.

इथे एक फरक पहिल्याच दिवशी पक्का करा, कारण बहुतेक लोक वर्षानुवर्षं तो करत नाहीत. खालचा थर दोन तऱ्हांनी अडवू शकतो. एक, तो गप्प बसतो. दोन, तो स्पष्ट नकार देतो, म्हणजे त्रुटी परत पाठवतो. शटर अर्धं ओढलेलं दुकान आणि ‘माल संपला’ अशी पाटी लावलेलं दुकान यांत जो फरक आहे तोच इथे आहे. पहिल्या दुकानाबाहेर किती वेळ थांबायचं हे गिऱ्हाइकाच्या हातात असतं. दुसऱ्यापुढे तुम्ही तास-दोन तास थांबायची तयारी ठेवली तरी उपयोग नाही. गेस्टमधला डिस्क टाइमआउट वाढवणं हा फक्त पहिल्या प्रकारावरचा उपाय आहे. खालून नकार येत असेल तर तुम्ही तो ३० वरून १८० करा नाहीतर १८०० करा, व्हीएम पुढच्या वेळीही पडणारच.

पायरी १: रीबूट करण्याआधी पुरावे काढून घ्या

सगळ्यांना घाई असते, व्यवस्थापकाला सगळ्यात जास्त. तरी पाच मिनिटं मागून घ्या. रूट फाइलसिस्टीम रीड-ओन्ली झालेल्या लिनक्स व्हीएममध्ये लॉग डिस्कवर उतरतच नाहीत. जे घडलं ते फक्त मेमरीतल्या कर्नल बफरमध्ये असतं आणि रीबूट केला की गेलं. एसएसएच चालू असेल तर ‘डीमेसेज’चं (हा बफर दाखवणाऱ्या dmesg या आज्ञेचं) आउटपुट थेट स्वतःच्या मशीनवर वळवून घ्या. एसएसएच मेलं असेल तर व्हीएमच्या कन्सोलचा स्क्रीनशॉट घ्या. त्यावरच्या शेवटच्या पंधरा-वीस ओळींतही बरंच सापडतं.

ईएसएक्सआय होस्टवरून ‘व्हीएम-सपोर्ट’ बंडल काढा. स्टोरेजच्या गोंधळात व्हीएमकर्नल लॉग भराभर भरतो आणि जुन्या फाइली फिरून पुसल्या जातात. दुपारी बघू म्हणाल तर दुपारी तो काळ लॉगमध्ये नसेल. स्टोरेज टीमकडून फेलओव्हर सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ सेकंदासकट मागा, टाइमझोन सांगायला लावा.

पायरी २: व्हीएम उठवा, पण सगळ्या एकदम नको

स्टोरेज खरंच स्थिर झालं आहे याची खात्री करा. निकामी झालेला कंट्रोलर दुरुस्त होऊन परत येणार असेल तर गिव्हबॅकच्या, म्हणजे भार त्याला परत देण्याच्या, वेळी आणखी एकदा विराम पडणार आहे, आणि काही ठिकाणी गिव्हबॅक आपोआप होतो. अर्ध्या व्हीएम उठवल्या आणि त्यातच गिव्हबॅक सुरू झाला, असा दिवस कोणालाच नको असतो.

लिनक्सची एक्स्ट-४ फाइलसिस्टीम रीड-ओन्ली झाली असेल तर ‘रीमाउंट’ करून पुन्हा लिहिती करायचा मोह होतो. करू नका. जर्नल (फाइलसिस्टीमची बदलांची नोंदवही) ॲबॉर्ट झालेलं असेल तर कर्नल बहुधा ते करूच देत नाही, आणि करू दिलं तरी मेमरीतलं आणि डिस्कवरचं चित्र जुळेल याची हमी नसते. ॲप्लिकेशन थांबवा, व्हीएम रीबूट करा, बूटच्या वेळी जर्नल परत खेळवलं जाईल, गरज पडल्यास एफएससीके (फाइलसिस्टीमची तपासणी) होईल. माउंट असलेल्या फाइलसिस्टीमवर एफएससीके कधीही नाही.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीमची गोष्ट थोडी वेगळी. ती रीड-ओन्ली होत नाही, स्वतःला पूर्ण बंद करून घेते आणि प्रत्येक हाकेला इनपुट-आउटपुट एरर देते. अनमाउंट करून पुन्हा माउंट केलं की लॉग परत खेळवला जातो, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. माउंट होत नसेल तर ‘एक्सएफएस-रिपेअर’, आणि त्याआधी डिस्कची प्रत किंवा स्नॅपशॉट. त्या आज्ञेचा मोठा ‘एल’ हा पर्याय लॉग शून्य करून टाकतो, म्हणजे न उतरलेला डेटा गेला. इंटरनेटवरच्या उत्तरांत तो सर्रास पहिल्या ओळीत सापडतो. तुम्ही तो शेवटचा उपाय म्हणून ठेवा आणि वरिष्ठांना विचारल्याशिवाय वापरू नका.

क्रम असा ठेवा: आधी डीएनएस आणि डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग ॲप्लिकेशन. दोनशे व्हीएम एकाच क्षणी बूट झाल्या तर आत्ताच एका कंट्रोलरवर आलेलं स्टोरेज पुन्हा धापा टाकू लागतं.

पायरी ३: आडव्या पडलेल्यांची यादी बघा

लॉग उघडण्याआधी ही यादी नीट वाचली तर निम्मं निदान तिथेच होतं. कोणत्या व्हीएम पडल्या आणि कोणत्या टिकल्या, त्यांचा होस्ट, डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क जिथे ठेवतात ती जागा), गेस्ट ओएस, व्हीएमवेअर टूल्स (गेस्टमध्ये बसवायचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) आहेत की नाहीत, डिस्क कंट्रोलरचा प्रकार: एका स्प्रेडशीटमध्ये मांडा.

पडलेल्या सगळ्या एकाच होस्टवरच्या असतील तर गेस्टकडे बघूच नका. त्या होस्टचे पाथ एकाच कंट्रोलरकडे गेलेले असण्याची दाट शक्यता आहे. झोनिंग (फायबरवर कोणी कोणाला दिसावं हे ठरवणं) करताना राहिलेलं, केबल बदलताना निघालेलं, काहीही. एरवी सगळं सुरळीत चालतं, म्हणून हा दोष फेलओव्हरपर्यंत कोणाला दिसत नाही. सगळ्या एकाच डेटास्टोअरवरच्या असतील तर त्या लनचा किंवा व्हॉल्यूमचा प्रश्न. वेगवेगळ्या होस्टवरच्या, वेगवेगळ्या डेटास्टोअरवरच्या, पण सगळ्या टूल्स नसलेल्या लिनक्स व्हीएम असतील, तर गेस्टचा टाइमआउट जवळपास पकडला म्हणून समजा.

टिकलेल्या व्हीएम बघून फसू नका. ज्या व्हीएमने त्या चाळीस-पन्नास सेकंदांत डिस्कवर काही लिहिलंच नाही, तिचं घड्याळ सुरूच झालं नाही. ती सेटिंग बरोबर होतं म्हणून वाचली असं नाही, झोपली होती म्हणून वाचली.

पायरी ४: घड्याळं जुळवा

ईएसएक्सआयचे लॉग यूटीसीमध्ये असतात. गेस्टचे लॉग आपल्याकडे बहुधा भारतीय वेळेत. म्हणजे साडेपाच तासांचा फरक, आणि मध्यरात्रीनंतरची घटना असेल तर तारीखही वेगळी. गेस्टमध्ये ११ तारखेला पहाटे २:१० वाजता जे घडलं ते व्हीएमकर्नल लॉगमध्ये १० तारखेच्या २०:४० ला शोधायचं. चुकीच्या तारखेचा लॉग चाळून ‘होस्टवर काहीच नाही’ असा निष्कर्ष काढलेली तिकिटं प्रत्येक टीममध्ये सापडतील. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर बघणाऱ्याच्या स्थानिक वेळेत दाखवतो. लिनक्सचा ‘डीमेसेज’ बूटपासूनचे सेकंद दाखवतो. ‘टी’ पर्याय लावला की घड्याळी वेळ मिळते, पण व्हीएम मध्ये कधी सस्पेंड झाली असेल तर ती वेळ सरकलेली असू शकते.

आता एका कागदावर उभी रेघ ओढा आणि सगळ्या नोंदी एकाच वेळेत आणून लिहा. समजा होस्टवर २:१०:०७ ला पाथ गेले आणि २:१०:४९ ला परत आले. म्हणजे शांतता साधारण ४२ सेकंदांची. एका गेस्टमध्ये डिस्कची आज्ञा रद्द करण्याची पहिली ओळ २:१०:३८ ला आहे. सुरुवातीपासून ३१ सेकंद. त्या गेस्टचा टाइमआउट ३० असणार, सेटिंगची फाइल न उघडताच सांगता येतं. होस्टची नोंद पहिला पाथ गेल्याचं लक्षात आल्यावर पडते, खरी शांतता त्याच्या जरा आधी सुरू झालेली असते. म्हणून एक-दोन सेकंदांच्या फरकावर भांडू नका.

पायरी ५: गेस्ट काय म्हणतो

लिनक्समध्ये स्कझी डिस्कचा मूळ टाइमआउट ३० सेकंदांचा असतो. तो ‘/सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट’ या फाइलमध्ये वाचता येतो. प्रत्येक डिस्कचा वेगळा असतो, म्हणून एसडीए बघून थांबू नका. तीस सेकंद झाले की ताबडतोब ॲप्लिकेशनला त्रुटी जाते असं मात्र नाही. कर्नल आधी ती आज्ञा रद्द करायचा प्रयत्न करतो, मग डिव्हाइस रीसेट, मग बस, मग आख्खा कंट्रोलर. आज्ञा नीट रद्द झाली तर ती पुन्हा पाठवलीही जाते. हे सगळं फसलं की डिव्हाइस ‘ऑफलाइन’ ठरतं. त्यानंतर लॉगमध्ये ‘रिजेक्टिंग आयओ टू ऑफलाइन डिव्हाइस’ अशा ओळींचा पूर येतो, ‘बफर आयओ एरर’ दिसतात, आणि शेवटी एक्स्ट-४ जर्नल ॲबॉर्ट करून रीड-ओन्ली होते. लोक ही शेवटची ओळ तिकिटात चिकटवतात. तुम्ही वर सरकत सरकत पहिली ‘ॲबॉर्ट’ शोधा. उपयोगाची वेळ तीच.

‘टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’ ही ओळ बघून घाबरू नका. तो कर्नलचा फक्त इशारा आहे: अमुक प्रक्रिया दोन मिनिटं अडकून पडली आहे. डिस्क परत आली की ती प्रक्रिया सुटते. अपवाद एवढाच, की कोणी ‘हंग टास्क पॅनिक’ हे सेटिंग चालू करून ठेवलं असेल तर हाच इशारा व्हीएम पाडतो.

विंडोजमध्ये रजिस्ट्रीत ‘सर्व्हिसेस’खालच्या ‘डिस्क’ या कीमध्ये ‘टाइमआउटव्हॅल्यू’ असतं, सेकंदांत, सहसा ६०. सिस्टीम लॉगमध्ये इव्हेंट १२९ शोधा: टाइमआउट झाला म्हणून कंट्रोलर रीसेट केला, असा त्याचा अर्थ. इव्हेंट १५३ म्हणजे आज्ञा पुन्हा पाठवली. १५३ थोडे दिसले आणि नंतर शांतता, तर विंडोजने धक्का पचवला. निळ्या स्क्रीनवर ०एक्स७ए दिसला तर मेमरीचं पान डिस्कवरून परत वाचता आलं नाही; म्हणजे सी ड्राइव्हच हाताबाहेर गेला होता.

पायरी ६: होस्ट गप्प बसला की त्याने नकार दिला?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ईएसएक्सआयमध्ये व्हीएमकर्नल लॉगबरोबर ‘व्हीओबीडी’ लॉगही उघडा, तो वाचायला सोपा आहे. ‘ऑल पाथ्स डाऊन’, म्हणजे एपीडी, सुरू झाल्याची नोंद दिसली तर सगळे पाथ गेले आणि ते परत येतील का, हे होस्टला ठाऊक नाही. या अवस्थेत होस्ट व्हीएमच्या आज्ञा धरून ठेवतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. गेस्टच्या दृष्टीने ही निव्वळ शांतता. एपीडीचा स्वतःचा टाइमआउट १४० सेकंदांचा असतो, पण तो नवख्यांना चकवतो: १४० सेकंद झाले की होस्ट स्वतःच्या इतर आज्ञा झटपट नाकारू लागतो, व्हीएमच्या आज्ञा मात्र तेव्हाही धरूनच ठेवतो. हाय-अव्हेलेबिलिटीमध्ये व्हीएम कंपोनंट प्रोटेक्शन चालू असेल तर त्यानंतर आणखी काही मिनिटांनी, मूळ सेटिंगप्रमाणे ३ मिनिटांनी, व्हीएम दुसरीकडे उचलून नेण्याचा विचार होतो.

‘पर्मनंट डिव्हाइस लॉस’, म्हणजे पीडीएल, हे वेगळं प्रकरण. स्टोरेजने होस्टला स्पष्ट सांगितलेलं असतं की हे लन आता इथे नाही. लॉगमध्ये सेन्स कोड (स्टोरेजने दिलेलं त्रुटीचं कारण) ५, २५, ० असे सोळा-आधारी आकडे दिसतात. हा नकार आहे. फेलओव्हरच्या वेळी पीडीएल दिसला तर जोडीदार कंट्रोलरवर ते लन होस्टला मॅप केलेलं नव्हतं किंवा ताबा घेताना स्टोरेजने चुकीचं उत्तर दिलं. मामला स्टोरेज टीमकडे, आणि या वेळी पुराव्यासकट.

तिसरी शक्यता: एपीडी नाही, पीडीएल नाही, फक्त काही पाथ मेले आणि बाकीच्यांवरून काम चालू राहिलं. तरीही व्हीएम पडल्या असतील तर ‘ईएसएक्ससीएलआय स्टोरेज एनएमपी डिव्हाइस लिस्ट’ चालवून पाथ निवडण्याचं धोरण बघा, ते स्टोरेज कंपनीने सुचवलेलंच आहे का तपासा.

डेटास्टोअर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइल शेअरवर) असेल तर गणित बदलतं. ईएसएक्सआय दर १२ सेकंदांनी हार्टबीट पाठवतो, प्रत्येकाच्या उत्तरासाठी ५ सेकंद थांबतो, आणि असे १० चुकले की डेटास्टोअर अनुपलब्ध मानतो. म्हणजे साधारण १२५ सेकंद. एनएफएसच्या ४ नंबरच्या आवृत्त्यांत आणखी एक गोष्ट असते, ग्रेस पीरियड. सर्व्हर उठल्यावर जुन्या क्लायंटना आपले लॉक परत मागता यावेत म्हणून तो काही काळ नवे ओपन आणि लॉक थांबवून ठेवतो. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर हा काळ मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंदांचा आहे. स्टोरेज टीम म्हणते वीस सेकंदांत उठलो, तुम्ही म्हणता दीड-पावणेदोन मिनिटं नवी व्हीएम चालूच होईना, आणि दोघंही खरं बोलत असता.

पायरी ७: केव्हीएम असेल तर इथे थांबा

केव्हीएमवर लोक गेस्टमधला टाइमआउट वाढवण्यात दिवस घालवतात. व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्कला, म्हणजे व्हीडीए वगैरेंना, ती टाइमआउटची फाइलच नसते. व्हर्टआयओ-स्कझीला ती असते, तिच्यात आकडाही लिहिता येतो, पण ड्रायव्हर वेळ संपली की घड्याळ पुन्हा शून्यावर आणतो आणि थांबत राहतो, कारण होस्ट कधी ना कधी उत्तर देईलच असं तो धरून चालतो. म्हणून केव्हीएममधली व्हीएम रीड-ओन्ली झाली तर कारण जवळजवळ नेहमी एकच: होस्टने तिला त्रुटी दिली.

ती कुठून आली? खालून वर बघत जा. आयस्कझी (नेटवर्कवरून चालणारं स्कझी) असेल तर ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’, मूळ किंमत १२० सेकंद. सेशन तुटून इतका वेळ झाला की आयस्कझी थर वरच्यांना त्रुटी देतो. मल्टिपाथ असेल तर उलट हा आकडा कमी ठेवतात, म्हणजे मेलेल्या पाथवरची आज्ञा लवकर सुटून दुसऱ्या पाथवर जाते. मग निर्णय मल्टिपाथच्या ‘नो पाथ रिट्राय’कडे जातो. तिथे ‘फेल’ लिहिलं असेल तर शेवटचा पाथ गेल्याक्षणी त्रुटी वर जाते. ‘क्यू’ असेल तर अनंत काळ थांबणं. आकडा असेल तर त्याला पोलिंगच्या अंतराने गुणा: १२ आणि ५ सेकंद म्हणजे एक मिनिट. फेलओव्हर ४२ सेकंदांचा आणि तुमच्याकडे ‘फेल’ असेल, तर पुढे शोधायची गरज नाही. होस्टवर एनएफएस माउंट असेल तर ते ‘सॉफ्ट’ (वेळ संपली की त्रुटी देणारं) नाही ना, एवढं बघा. व्हीएमच्या डिस्का ठेवायच्या माउंटवर ‘सॉफ्ट’ लिहिणं म्हणजे आपण होऊन नकाराची पाटी लावणं.

शेवटची फळी क्यूईएमयूची, म्हणजे केव्हीएमवर प्रत्यक्ष व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामची. त्रुटी आली की ती गेस्टला द्यायची की व्हीएम जागच्या जागी थांबवायची, हे त्याला सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या ‘एरर पॉलिसी’त ठरतं. मूळ वागणूक अशी, की जागा संपल्याची त्रुटी असेल तर थांबवायचं, बाकीच्या गेस्टला कळवायच्या. ‘स्टॉप’ केलं तर व्हीएम ‘पॉझ्ड’ होते, ‘व्हर्श डोमस्टेट’ला ‘रीझन’ पर्याय लावला की कारण दिसतं, आणि स्टोरेज परत आल्यावर ‘व्हर्श रिझ्यूम’ केलं की ती अडकलेली आज्ञा पुन्हा पाठवून पुढे चालू लागते. माझ्या मते डेटा असलेल्या व्हीएमला हेच बरं. रीड-ओन्ली झालेली फाइलसिस्टीम सावरण्यापेक्षा थांबलेली व्हीएम चालू करणं केव्हाही सोपं. फक्त ‘पॉझ्ड’ व्हीएमवर मॉनिटरिंगचा अलर्ट लावा, नाहीतर ती दुपारपर्यंत तशीच बसून राहील.

पायरी ८: आकडे बदलणं

ईएसएक्सआयवरच्या लिनक्स गेस्टसाठी व्हीएमवेअर टूल्स किंवा ओपन-व्हीएम-टूल्स बसवले की सोबत एक यूडेव्ह नियम (डिव्हाइस दिसलं की लिनक्सने काय करायचं ते सांगणारा) येतो, तो व्हीएमवेअरच्या आभासी डिस्कचा टाइमआउट १८० करतो. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. पण हा नियम वेंडरचं नाव बघून लागतो. फिजिकल मोडमधली आरडीएम डिस्क (व्हीएमला थेट दिलेलं लन) किंवा गेस्टमधूनच जोडलेली आयस्कझी डिस्क स्टोरेज कंपनीचं नाव सांगते, म्हणून ती ३० वरच राहते. त्यांच्यासाठी नियम शून्यातून लिहू नका. आलेल्या नियमाची प्रत काढा, वेंडर आणि मॉडेल बदला, ‘/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी’मध्ये ठेवा. त्या नियमात ‘ॲड’ ही अट असते, म्हणून साध्या ट्रिगरने तो लागत नाही. ट्रिगरला ‘ॲक्शन’ म्हणून ‘ॲड’ द्यावं लागतं. लागला का, हे फाइल वाचूनच ठरवा.

व्हीएमला आभासी एनव्हीएमई कंट्रोलर दिला असेल तर हा सगळा स्कझीचा नियम तिथे लागूच नाही. एनव्हीएमई ड्रायव्हरचा स्वतःचा टाइमआउट आहे, मूळ ३० सेकंद, आणि तो कर्नलच्या बूट पर्यायांत ‘एनव्हीएमई-कोअर’च्या ‘आयओ-टाइमआउट’ने बदलतो. वेग वाढेल म्हणून पीव्हीस्कझीवरून (व्हीएमवेअरच्या आभासी स्कझी कंट्रोलरवरून) एनव्हीएमईवर नेलेल्या व्हीएम यात सापडतात.

विंडोजमध्ये ‘टाइमआउटव्हॅल्यू’ बदलून रीबूट करा. फेलओव्हर क्लस्टर नव्याने बांधला तर हा आकडा परत बदलू शकतो, तेव्हा क्लस्टरच्या कामानंतर पुन्हा बघा.

किती ठेवायचा? मोजलेल्या सगळ्यात लांब विरामाच्या दुप्पट, आणि स्टोरेज कंपनीने काही आकडा दिला असेल तर त्याहून कमी नाही, असा माझा हिशोब. दहा-दहा मिनिटांचे टाइमआउट ठेवणारे भेटतात. मग खरोखर मेलेल्या डिस्कवर व्हीएम दहा मिनिटं लटकते आणि क्लस्टरचा दुसरा नोड ताबा घ्यायला तयार असूनही वाट बघत बसतो.

आणि काही घड्याळं डिस्कच्या खूप वर असतात, त्यांना तुमचा आकडा दिसतच नाही. एसक्यूएल सर्व्हर १५ सेकंदांहून लांबलेल्या आज्ञेवर ८३३ क्रमांकाचा इशारा लिहितो. तो सोसता येतो. ओरॅकल रॅक (ओरॅकलचा डेटाबेस क्लस्टर) व्होटिंग डिस्कसाठी, म्हणजे कोणते नोड जिवंत आहेत हे ठरवणाऱ्या डिस्कसाठी, मूळ २०० सेकंद थांबतो, नंतर नोड बाहेर काढतो. कुबरनेटीसखालच्या ईटीसीडीला (क्लस्टरची माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसला) तर मूळ सेटिंगमध्ये एका सेकंदाचा इलेक्शन टाइमआउट असतो. चाळीस सेकंदांच्या विरामात एकाच स्टोरेजवरचे तिन्ही ईटीसीडी एकदम गोठले तर क्लस्टरचा कंट्रोल प्लेन तेवढा वेळ गेलाच, डिस्क टाइमआउट काहीही असो. अशा व्हीएम वेगवेगळ्या स्टोरेजवर विभागून ठेवणं हाच उपाय.

पायरी ९: मुद्दाम फेलओव्हर करून बघा

चाचणी न करता तिकीट बंद करू नका. स्टोरेज टीमबरोबर वेळ ठरवा. प्रत्येक प्रकारची एक, म्हणजे लिनक्स पीव्हीस्कझीवर, लिनक्स एनव्हीएमईवर, विंडोज, आणि असेल तर आरडीएमवाली, अशा छोट्या चाचणी-व्हीएम तयार ठेवा. प्रत्येकीत दर सेकंदाला एक छोटा ब्लॉक थेट डिस्कवर लिहिणारी स्क्रिप्ट चालवा. ‘डीडी’ला ‘डायरेक्ट’ हा पर्याय द्या, नाहीतर लिखाण मेमरीतच राहील आणि तुम्हाला विराम दिसणारच नाही. प्रत्येक वेळेची नोंद नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवा. गोठलेल्या डिस्कवरच्या लॉगमध्ये ती डिस्क कधी गोठली हे सापडायचं नाही.

नियोजित टेकओव्हरमध्ये कंट्रोलर आपलं काम आवरून, सांगून जातो, म्हणून विराम छोटा असतो. वीज गेली किंवा कंट्रोलर पॅनिक झाला तर ओळखायला लागणारा वेळ आणि नोंदी परत चालवायचा वेळ त्यात वाढतो. चाचणीचं स्टोरेज वेगळं असेल तर तिथे एकदा कंट्रोलरची वीज खरंच काढा आणि तो आकडा धरा. नियोजित चाचणीतला १२ सेकंदांचा आकडा बघून टाइमआउट ठरवलेल्या टीमच रात्री दोन वाजता फोन उचलतात.

टेकओव्हर मोजलात की गिव्हबॅकही मोजा, तोही एक फेलओव्हरच आहे. दोन्ही आकडे, कोणत्या व्हीएममध्ये पहिली ‘ॲबॉर्ट’ किंवा १२९ किती सेकंदांनी आली, आणि कोणत्या होस्टवर किती पाथ उरले, हे तिकिटात लिहा. स्टोरेजचं फर्मवेअर बदललं की हेच सगळं पुन्हा करायचं आहे, तेव्हा स्क्रिप्ट आणि चाचणी-व्हीएम पुसून टाकू नका.